चिंच्याचा आखाडा

पंचगंगेच्या काठी जन्म काढून पाण्याशी उघड वैर धरलेला माणूस अख्ख्या कोल्हापुरात एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मंगळवार पेठेतल्या या जुन्या पैलवानाची पाठ मातीला लावणारे फार थोडे निघाले. हल्ली ते फक्त दमट हवेशी लढतात, कारण त्यांच्या घरी चिंचिला आहे. उंदराचे कान, खारीची शेपटी आणि रेशमासारखी दाट लव असलेला हा ओंजळभर परदेशी प्राणी नातीने पुण्यात पाळला होता. ती शिकायला परदेशी गेली आणि जाताना त्याला आजोबांच्या मांडीवर ठेवून गेली. "आबा, मी येईपर्यंत सांभाळा. पाणी लावायचं नाही, कोरड्या मातीत लोळू द्यायचं." मामांनी त्याचं नाव चिंच्या ठेवलं.

मातीत कसं लोळायचं हे मामांना कोण शिकवणार? "म्हंजे पैलवानच की ह्यो!" म्हणत त्यांनी आपल्या तालमीतून घमेलंभर तांबडी माती आणली. ही माती नुसती माती नसते. तिला ताक, तेल, हळद आणि लिंबू पाजून मुरवलेलं असतं. त्यात माणसाचं अंग लोखंड होतं म्हणतात. चिंच्याचं झालं नाही. पंधरवड्यात त्याच्या नाकाजवळचे केस गेले आणि खवल्याखवल्यांचा चट्टा उठला. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मामा, हा नायटा. याच्या लवेत ओल शिरली की निघत नाही, आणि तुम्ही याला चक्क ताकात मुरवलंत." नायटा दिसताच भल्याभल्या मल्लांना आखाड्याबाहेर काढणाऱ्या मामांची मान खाली गेलेली मी तेव्हाच पाहिली.

औषधाने चट्टा गेला. पण सूनबाईंनी निर्वाणीचं सांगितलं, "मामंजी, आणि एक चट्टा दिसला, तर ह्यो हुपरीला, माझ्या भावाकडं. घरभर नायटा नको मला."

"आणि न्हाय दिसला तर?"

"पावसाळा तर येऊ दे की."

हे आव्हान होतं, आणि मामांनी ते कुस्तीची लांग कमरेला चढवल्यासारखं घेतलं. चिंच्याच्या खोलीत तालमीचे कायदे लागू झाले. चिंचिलासाठीच मिळणारी बारीक राखाडी भुकटी घमेल्यात, आठवड्यातून दोन-तीनदा, पाव तास. मळली की फेकायची. गवताची एक काडी ओली लागली तरी सगळं अंथरूण बाहेर. भिंतीवर दमटपणा दाखवणारा काटा टांगला. मामा त्याच्याकडे समोरच्या पैलवानाकडे बघावं तसं बघत. आयुष्यात पंख्याखाली न बसलेल्या या माणसाने चिंच्यासाठी एसी बसवला आणि स्वतः त्याच खोलीत घोंगडं पांघरून बसू लागला. पेठेतले लोक हसले. "हसूंद्या," मामा म्हणाले, "त्यांच्या भिंतीला बी बुरशी हाय."

भर श्रावणात कुठल्याशा मंडळाचे अध्यक्ष जुन्या मल्लाचा सत्कार करायला निथळती छत्री घेऊन आले. सोबत शाल, नारळ आणि फोटोवाला. या गमतीशीर प्राण्याला हातात घेऊन एक फोटो होऊन जाऊ दे म्हणाले. मामा दारात आडवे झाले.

"पावणं, हात धुवा." त्यांनी धुतले. "कोरडे करा." केले. "आता मागं सरका."

"अहो मामा, उंदीरच तर हाय!"

"असंल. पर कोरडा हाय. तुम्ही वल्लं हायसा."

सत्कार बाहेर जिन्यात उरकला. शाल दोन दिवस दोरीवर वाळत होती.

पाऊस सरला तशी सूनबाईंनी बॅटरी लावून चिंच्याचं नाक, कान, डोळ्यांच्या कडा तपासल्या. एक केससुद्धा गेला नव्हता. "बरं, ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणून त्या चहा टाकायला गेल्या. मामांची मिशी मात्र बोलत होती.

परवा गेलो तेव्हा चिंच्या घमेल्यात लोळत होता. "बघा पावणं, अंग कसं सोडतोय मातीत," मामा म्हणाले. नात कधी येणार, असं मी विचारलं. "येईल तवा येईल. सांगितलंय तसा कोरडा मिळंल तिला." मग त्यांनी चिंच्याला उचलून पिंजऱ्यात ठेवलं आणि मळलेली भुकटी फेकायला घमेलं घेतलं. फेकण्याआधी चिमूटभर राखाडी धूळ त्यांनी, आखाड्यात उतरताना मल्ल माती लावतात तशी, नकळत कपाळाला लावली. गुडघे गेल्यापासून ते तालमीच्या मातीत उतरलेले नाहीत.