चार ठोक्यांची जागा

भास्करच्या लेकीचा, मनीषाचा फोन आला तेव्हा मी सुरतेजवळ कामरेजला मुलाच्या लेथ वर्कशॉपबाहेर बाकड्यावर बसून सुनेशी पोह्यांवरून वाद घालत होतो. शेंगदाणे कमी होते. मनीषा म्हणाली, "काका, बापू गया." मी विचारलं, कुठे गेला? म्हणजे मला खरंच वाटलं, गावाला गेला असेल, पारोळ्याला, भाच्याच्या लग्नाची तारीख धरायला. मग तिचं रडणं ऐकू आलं... पोह्यांची बशी हातात तशीच राहिली. माझा जुना दोस्त भास्कर सकाळी चहा घेता घेता भिंतीला टेकला, तो टेकलेलाच राहिला. इतकी वर्षं दुसऱ्यांना "मधेच का थांबलास?" विचारणारा माणूस, आणि स्वतः असा अर्ध्या कपावर थांबला. मला त्याचा रागच आला, खोटं कशाला सांगू.

महिना होत आलाय त्याला. भास्कर कोण होता हे सुरतेतल्या आमच्या नवागामबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून लिहायला बसलो. कागदोपत्री तो पॉवरलूमच्या कापडात ताका तपासणारा होता. लूमवरून उतरलेला ताका, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, उजेडासमोर ओढायचा, कुठे धागा सुटलाय, कुठे डाग आहे ते बघायचं आणि दोष दिसला की त्या जागी काठाला रंगीत दोरा बांधायचा. तीस-बत्तीस वर्षं हेच काम. पण नवागामच्या दोन खोल्यांपैकी आतल्या खोलीत त्याचं दुसरं काम चालायचं. तिथे लोखंडी मांडणीवर कॅसेटी, दोन टेपरेकॉर्डर आणि जाड वह्या. सुरतेत ऐंशी-नव्वदच्या दशकात ज्या पोरांनी इलेक्ट्रिक गिटारी गळ्यात अडकवून रॉक वाजवलं, ज्यांनी ते रेकॉर्ड केलं, ज्यांनी कॅसेटी काढल्या आणि हात पोळून घेतले, त्या सगळ्यांच्या पडद्यामागच्या गोष्टी त्याने तिथे धरून ठेवल्या होत्या. माझीही धरायची होती त्याला. ती मी दिली नाही.

आता तुम्ही म्हणाल, खानदेशातून पोटासाठी आलेली लूमवरची पोरं आणि रॉक? हसा, आम्हीही हसायचो. जुन्या कपड्यांच्या बाजारात आमच्यातल्या एकनाथला एक कॅसेट मिळाली, वर ना चित्र ना नाव. आत कुणी गोरे लोक जीव खाऊन ओरडत होते आणि मागे गिटार अशी वाजत होती की आम्ही चौघं खोलीत उभेच राहिलो. ते कोण होते हे आजतागायत आम्हाला माहीत नाही. पण लूमच्या खडखडाटात बारा तास काढणाऱ्याला तो आवाज परका वाटला नाही, हे मात्र खरं. एकनाथने ड्रम धरले, मी बेस गिटार, चौथा गायला लागला. शब्द आमचे अहिराणी, ताल त्या बिननावाच्या गोऱ्यांचा. गणपतीत, लग्नात वाजवायचो. म्हातारे कानावर हात ठेवायचे आणि पोरं नाचायची. भास्करला वाजवता काही येत नव्हतं. तो वायरी जोडायचा, सोल्डरिंग करायचा, आणि त्याच्या कानाला जे कळायचं ते आम्हा वाजवणाऱ्यांना कळत नव्हतं.

आमची एकच कॅसेट निघाली. काढणारे जयंतीभाई, मूळचे ड्रेस मटेरियलवाले, हौसेने स्टुडिओ काढला. स्टुडिओ म्हणजे एक खोली, भिंतींना कापडाच्या चिंध्यांच्या गाद्या ठोकलेल्या, मधे काच. शेजारी लूमचा कारखाना, म्हणून रेकॉर्डिंग फक्त सुट्टीच्या दिवशी, तेही दुपारपर्यंत. दुपारी लूम सुरू झाले की सगळं मुसळ केरात. जयंतीभाईंनी भास्करला मदतनीस म्हणून ठेवलं होतं, आणि खूष होते त्याच्यावर. कापडाचं काम सोडून कायमचा इथेच ये, असंही म्हणाले होते. त्या दिवसांत भास्कर चालताना जमिनीला पाय लावत नव्हता.

तिसऱ्या गाण्यात मी थांबलो. चार ठोके. एकनाथचे ड्रम चालू, गायकाचा आवाज चालू, आणि खालचा बेसच गायब. मग मी पुन्हा धरलं आणि गाणं संपवलं. जयंतीभाई काचेपलीकडून बाहेर आले, लूम सुरू व्हायला थोडाच वेळ होता, पुन्हा घेणं शक्य नव्हतं. "शुं थयुं?" काय झालं, त्यांनी विचारलं. माझ्या तोंडून निघून गेलं, जॅक हलला. जॅक, म्हणजे गिटारच्या वायरीची पिन, भास्करने सोल्डर केला होता. जयंतीभाई त्याच्यावर असे उखडले की विचारू नका. भास्करने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चूक मनी से." माझी चूक आहे. एवढंच. त्यानंतर त्याला स्टुडिओत बोलावणं आलं नाही. तो ताका तपासायला परत गेला आणि तिथेच म्हातारा झाला.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो. आज बोलू, उद्या बोलू करत वर्षं गेली, आणि नंतर तर झाकली मूठ सव्वा लाखाची. एकनाथ पुढे सुरतेजवळच्या सचिन गावात डाईंगच्या कारखान्यात लागला, गायक गावी परतला, माझी गिटार माळ्यावर गेली. दोस्ती मात्र तुटली नाही, ते भास्करचं मोठेपण, माझं त्यात काही नाही. दिवाळीला त्याच्याकडे फराळाला जायचो आणि त्याच्या नजरेला नजर न देता फराळ उरकून निघायचो.

गोष्टी जमवायचं वेड त्याला उतारवयात लागलं. त्याची पद्धत जगावेगळी होती. तो कुणाला "तुमच्या आठवणी सांगा" म्हणायचा नाही. म्हणायचा, असं विचारलं की माणसं सत्कारातलं भाषण करतात. तो ज्याच्या त्याच्या घरी त्याचीच जुनी कॅसेट घेऊन जायचा, लावायचा, आणि जिथे चूक असेल तिथे थांबवायचा. "आठे काय व्हयनं?" इथे काय झालं? बस, एवढाच प्रश्न. आणि माणसं सुटायची, ते सगळं तो दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर घ्यायचा! ताक्यातला दोष कापून टाकतात, टेपमधला दोष तो जपायचा. वहीत गाण्याचं नाव, टेपच्या काउंटरचा आकडा, चूक काय ते लिहायचा आणि पानाच्या कडेला भोक पाडून दोरा बांधायचा. गोष्ट मिळाली की ती लिहायची आणि दोरा कापायचा.

एकनाथला त्याने असंच पकडलं. एका गाण्यात त्याचा ताल मधेच चढलाय. एकनाथ सांगेचना. मग हसत हसत कबूल झाला की त्या दिवशी शेजारचा कारखाना वेळेआधी सुरू झाला आणि त्याचे हात त्याच्या नकळत लूमच्या ठोक्यावर गेले. बारा तास तोच ठोका ऐकणारा माणूस, दुसरं काय होणार? आणि कहर म्हणजे भास्कर जयंतीभाईंकडेसुद्धा गेला. ज्यांनी कामावरून काढलं त्यांच्याच घरी, कॅसेट घेऊन! ते आता थकलेत, कानाला यंत्र. शेवटचं गाणं हळूहळू विरत जातं, ते इतकं लवकर का विरतं, याने विचारलं. जयंतीभाई खदखदून हसले. वरच्या मजल्यावर त्यांच्या बायकोचा कुकर होता, शिट्टी झाली, ती टेपवर येऊ नये म्हणून आवाजाचं बटण घाईने खाली ओढलं. सुरतेच्या रसिकांनी त्या विरण्याची वर्षानुवर्षं तारीफ केली, आणि त्यामागे तूरडाळ! भास्करने ते लिहिलं, दोरा कापला. स्वतःच्या नोकरीचा विषय काढला नाही. निघताना जयंतीभाईंनीच त्याचा हात धरून ठेवला, असं तो म्हणाला.

मला तो दर भेटीत विचारायचा. कॅसेट लावायचा, ते चार ठोके यायचे, बटण दाबायचा. "काबरं थांबना रे भो?" का थांबलास? राग नाही, टोमणा नाही. मी म्हणायचो, जॅक. तो "हं" म्हणायचा आणि चहा ठेवायला सांगायचा. दीड महिन्यापूर्वी शेवटचं भेटलो तेव्हाही विचारलं. मी म्हटलं, पुढच्या खेपेला सांगतो. पहिल्यांदाच असं म्हटलं होतं मी. त्याचा चेहरा असा खुलला, की मनीषाला आतून हाक मारून सांगितलं, काकासाठी नवी कोरी कॅसेट काढून ठेव. आणि पुढची खेप आली ती तेराव्याची.

तेराव्यानंतर आठवड्याने मी पुन्हा गेलो. मनीषा एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर डिझाइन करते. तिने बापाच्या कॅसेटी एकेक करून कॉम्प्युटरवर चढवायला घेतल्यात. रविवारी कॉलेजची पोरं येतात, आपसांत गुजराती-हिंदी बोलतात, पण अहिराणी गाणी कानाला लावून वाक्य न् वाक्य उतरवून घेतात. एकीने तर मला विचारलं, तुम्हीच का ते बेसवाले? छाती फुगली आणि त्याच क्षणी बसली. मनीषाने आमच्या कॅसेटची वही पुढे ठेवली. सगळे दोरे कापलेले, एक पांढरा सोडून. त्या पानावर आकडा होता, "चार ठोके बेस नाही" असं होतं, आणि खाली सगळी जागा कोरी. "चूक मनी" हे त्याने तिथे लिहिलं नव्हतं.

मी मनीषाला म्हटलं, तुझ्या बापाने जॅकचं तरी लिहायचं. ती उठली आणि मांडणीवरच्या बिस्किटाच्या डब्यातून एक जॅक काढून माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, बापूंनी त्याच दिवशी घरी आणून तपासला होता. चांगला होता. मी विचारलं, मग मला कधी बोलला का नाही? ती म्हणाली, आईने हेच विचारलं होतं. बापू म्हणाले, "तो सांगी तवय लिखसू." तो सांगेल तेव्हा लिहीन. इतकी वर्षं त्याला ठाऊक होतं, आणि तो माझ्यासाठी पान कोरं ठेवून बसला होता. मी त्या खोलीत, त्याच्या लेकीसमोर, पोरांसमोर ढसढसा रडलो. लाज वाटली नाही.

मग म्हटलं, लाव टेप, माझं बोलणं घे.

मी सांगितलं. त्या दिवशी काचेपलीकडे, जयंतीभाई आणि भास्करच्या पाठीमागे, दारात माझा बाप उभा होता. न कळवता गावाहून आला होता, हातात बाजरीच्या पिठाची पिशवी. गिटारीचं मी घरी लपवलं होतं, खांद्यापर्यंतचे केस त्याने पाहिले नव्हते. मला वाटलं, आत येऊन थोबाडीत मारेल. पण त्याने डोक्यावरची टोपी काढली, देवळात काढतात तशी, आणि ऐकत उभा राहिला. माझी बोटं थांबली ती तेव्हा. पुन्हा धरलं, पण गाणं संपेपर्यंत तो दारातून निघून गेला होता. बावीस वर्षांचा, लांब केसांचा मी, बापाला पाहून थिजलो हे चारचौघांत कसं सांगू? म्हणून जॅक. संध्याकाळी खोलीवर बाप भाकरी खाताना म्हणाला, "गाणं चांगलं व्हतं. मधमा काबरं थांबना?" मधेच का थांबलास? त्यालाही मी उत्तर दिलं नाही. दोन वर्षांनी तो गेला. भास्करही पुढे तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारायचा, पण तो माझ्या बापाचा प्रश्न आहे हे भास्करला कुठे माहीत होतं... "जॅक चांगला होता. चूक भास्करची नव्हती, माझी होती," असं मी टेपवर स्पष्ट म्हटलं, जयंतीभाईंना ऐकवा असंही म्हटलं.

मनीषाने कोऱ्या जागेत सगळं लिहून घेतलं. अक्षर थेट बापाचं. मग तिथलीच छोटी कात्री घेऊन तिने तो पांढरा दोरा कापला. मला हलकं हलकं वाटलं, म्हटलं चला, सुटलो. ती म्हणाली, थांबा काका, नीट आलंय का बघू. तिने टेप मागे नेऊन लावली. माझा म्हातारा आवाज सांगत होता, बापाने टोपी काढली... आणि तिथे आवाज गेला. बराच वेळ फक्त पंख्याची घरघर. मनीषाने बटण दाबलं. वहीचं नवं पान उघडलं, आकडा लिहिला, कडेला भोक पाडलं आणि रिळावरून नवा दोरा ओढून तिथे बांधला.

मग बापाच्याच जागेवर मांडी घालून बसत तिने विचारलं, "आठे काबरं थांबनात, काका?"