माया किती सोडणार?

डॉक्टरनं टेप न लावता माझ्या पोटाचं माप घेतलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली.

वेस्ट बेमधल्या एका हॉटेलात तो दोन दिवसांसाठी उतरला होता. तुर्कस्तानातला सर्जन. इथं दोह्यात पेशंट तपासायचे आणि पसंत पडलं तर ऑपरेशनला तिकडं बोलवायचं, अशी त्याची पद्धत. त्यानं माझ्या पोटावरची लोंबणारी कातडी चिमटीत धरली, ओढली, सोडली, पुन्हा धरली. मग मला वाकायला लावलं, हात वर करायला लावले आणि कागदावर काहीतरी खरडलं. मी अठरा वर्षं इथल्याच मदिनत खलीफा भागात बायकांचे ब्लाउज शिवते. चिमटीनं माप घेणारा माणूस एकतर फार मोठा कारागीर असतो, नाहीतर लबाड. मोठे कारागीर मला आयुष्यात दोन भेटले. लबाडांची गणती ठेवलेली नाही.

दीड वर्षात माझं अठ्ठावन्न किलो वजन उतरलं होतं. कोणाच्या गोळीनं नाही, माझ्या हिमतीवर. लोक टाळ्या वाजवून गेले. पण साडीच्या आत काय उरलं ते मला ठाऊक. वजन गेलं, त्याचं गाठोडं बांधायचं फडकं मात्र माझ्याकडंच राहिलं. परकराची नाडी कातडीच्या घडीच्या वर बांधली तर घडी खाली लोंबे, खाली बांधली तर वर फुगे. उन्हाळ्यात घडीच्या आत कातडी लाल होई, पावडर थापून थापून मी कंटाळले. दुकानातल्या मोठ्या आरशासमोर मी शेकडो बायका उभ्या केल्या, स्वतः कधी उभी राहिले नाही. मला एकच हवं होतं. सपाट पोटावर नाडी बांधायची आणि त्या आरशासमोर उभं राहायचं. त्यासाठी जादा कातडी सगळी काढायची, एक बोटसुद्धा न ठेवता.

डॉक्टरची भाषा इंग्रजी, तीही तुटक. मला इंग्रजी येतं ते लायनिंग, पायपिंग, झिपपुरतं. मध्ये दुभाषी म्हणून त्याच्या दवाखान्याची एक मुलगी बसली होती, लखनौकडची. हिंदी गोड, पण मला सारखी "आंटीजी" म्हणत होती. ते एक मला झोंबत होतं.

तिनं टॅबवर आधीचे आणि नंतरचे फोटो दाखवले. मी चष्मा लावून पाहिले.

"ये दोनों एकही औरत है?"

"हाँ, आंटीजी."

"इधर कमर पे तिल है. उधर किधर गया? तिल भी काट दिया क्या?"

ती हसली. डॉक्टर हसला नाही. मी खूणगाठ बांधली.

मग घासाघीस सुरू झाली. मी म्हटलं, पोट आणि दंड एकाच वेळी करा, मी दोनदा विमानात बसणार नाही. तो म्हणाला, आधी पोट, दंड सहा महिन्यांनी. म्हणजे तेच गिऱ्हाईक दोनदा. हे मी ओळखते, मीही आधी ब्लाउज शिवते आणि मग फॉल-बिडिंगला बोलावते. मी आवाज चढवला, उठून दारापर्यंत गेले. भाजीवाल्यापासून कापडाच्या ठोक व्यापाऱ्यापर्यंत सगळे तेव्हा हाक मारतात. यानं मारली नाही. मलाच पर्स विसरल्याचं निमित्त करून परत यावं लागलं.

परत आल्यावर मी शेवटचा प्रश्न टाकला. शिवणात टीप घालताना आतल्या बाजूला थोडं जादा कापड ठेवतात, त्याला आम्ही माया म्हणतो. उद्या अंग भरलं तर उसवता येतं. माझ्या दुकानातून बिनमायेचा ब्लाउज बाहेर पडत नाही. एका कटिंग मास्तरनं कापड वाचवायला माया मारली, तर मी त्याला त्याच दिवशी खलास, यल्ला, म्हणून वाटेला लावलं. पण पोट म्हणजे ब्लाउज नव्हे. तिथं मला माया नको होती.

"इनको पूछो," मी म्हटलं, "अंदर माया कितना छोडेंगे?"

मुलगी थोडी थबकली. मग इंग्रजीत त्याला काहीतरी म्हणाली. त्यात 'इल्युजन' असा शब्द मी ऐकला. बरं, शिवणाच्या मायेला इंग्रजीत इल्युजन म्हणतात तर, असं म्हणून मी तो लक्षात ठेवला. डॉक्टरनं पेन खाली ठेवलं आणि तो पहिल्यांदाच सरळ माझ्या डोळ्यांत पाहून बोलला.

"डॉक्टरसाब कह रहे हैं," ती म्हणाली, "बिलकुल नहीं छोडेंगे."

सौदा तिथं पक्का झाला, आधी पोट, दंड नंतर.

ऑपरेशन झालं. पंधरा दिवस मी हरवलेली सुई शोधत असल्यासारखी वाकून चालत होते. दोह्याला परतले, पोटावरचा पट्टा निघाला, सूज उतरली. तीन महिन्यांनी न्हाणीघरात सरळ उभी राहिले आणि टाक्यांच्या वर चिमूट घेतली. दोन बोटं कातडी हातात आली.

दोन बोटं! माझं डोकंच फिरलं. बिलकुल नहीं छोडेंगे म्हणाला होता. दंडाच्या वेळी पुन्हा बोलवायला ठेवली असणार, दुसरं काय.

नवरा लांब दुखान गावी कंपनीत असतो, गुरुवारी संध्याकाळी घरी येतो. आल्या आल्या त्याला दाखवलं.

"अगं, किती छान झालंय," तो म्हणाला.

"अहो, नीट बघा. दोन बोटं आहेत."

"तो डॉक्टर आहे का तुझा कारागीर? आता पोटाचंही ऑल्टर मागणार तू?"

"शब्द दिला होता त्यानं."

"मग इन्शाल्ला देईल पुढच्या वेळी," म्हणून तो चहा मागून मोकळा झाला. तो नेहमी समोरच्याच्या बाजूनं असतो. म्हणून घराचे सगळे सौदे मला करावे लागतात.

शुक्रवारी सकाळी मी मुलीला लॅपटॉप घेऊन बसवलं. ती नववीत आहे. मी मराठीत बोलते, ती इंग्रजीत उत्तर देते, असं आमचं चालतं.

"लिही. तुम्ही शब्द दिला होता की आत माया सोडणार नाही. आणि माया म्हणजे इल्युजन लिही. त्यांच्याकडं तोच शब्द चालतो."

तिची बोटं थांबली. "आई, व्हॉट? व्हाय वुड ही लीव्ह ॲन इल्युजन इन युअर स्टमक?"

"शिवणातली माया गं. आतलं जादा कापड."

"दॅट्स नॉट इल्युजन! इल्युजन मीन्स..." तिला मराठी शब्द पटकन सापडेना. तिनं हवेत हात फिरवला. "जे दिसतं पण नसतं. भास. मृगजळ."

हिंदीतली माया! त्या लखनौवालीनं विचारलं होतं, डॉक्टर, तुम्ही यांच्या मनात भ्रम किती ठेवणार? आणि तो माझ्या डोळ्यांत पाहून म्हणाला होता, अजिबात नाही. त्या हॉटेलात माझ्याशी कोणी बोललेलं ते एकमेव सरळ वाक्य असेल, आणि त्यावर मी भलताच सौदा करून आले होते.

मुलगी हसू दाबत होती. "हसू नकोस," म्हणून मी उठले आणि पुढच्या खोलीत, दुकानात गेले. शुक्रवारचं दुकान बंद. आरशासमोर झगा पोटापर्यंत उचलून मी चिमूट घेतली. दोन बोटं. मग सवयीनं सगळ्यात वरच्या फळीवरचा अस्तराचा गठ्ठा काढायला दोन्ही हात वर नेले, टाचा उचलल्या, मागं झुकले. टाके ताणले. खाली पाहिलं. पुन्हा चिमूट घ्यायला गेले तर बोटांत काही येईना. होतं नव्हतं ते सगळं ताणात गेलं होतं. एक बोट कमी ठेवली असती तर मी त्या गठ्ठ्यापर्यंत पोचले नसते. गिऱ्हाइकांना मी हेच करायला लावते, हात वर करा, वाका. डॉक्टरनंही मला तेच करायला लावलं होतं. टेप न लावता.

तरी अर्धं बोट तो आणखी काढू शकला असता. हे मी अजून म्हणते.

आत आले. मुलगी तशीच बसली होती. "सो? व्हॉट डू आय राइट?"

"आधीचं खोड. लिही, दंडासाठी मी येते आहे. आणि दुभाषी मी माझी आणणार, तुमची नको."

"हू?"

"तू. आणि विमानात बसायच्या आधी शिवणाचे शब्द शिकून घे."