आप्पांची शिडाची होडी

आज यवतजवळ रस्त्याच्या कामावर डांबर उकळत होतं. त्या वासानं आप्पांची होडी आठवली. आप्पा माझे चुलते. खताच्या गोण्यांचं शीड शिवून, फटींत डांबर भरून त्यांनी ती केवळ हौसेपायी बांधली होती.

वाळूचोरांच्या बोटी जाळायला सरकारी पथक भीमेवर आलं, तेव्हा त्या बोटी खबर मिळून पसार झाल्या होत्या. काठावर उरली आमची होडी.

“साहेब, शिडानं वाळू उपसत्यात व्हय?” आप्पांनी विचारलं.

“मामा, सरका. कारवाईचा फोटो वर पाठवायचाय.”

डांबर भडाभडा पेटलं. जळत्या शिडाकडे बघत आप्पा म्हणाले, “वारं काय झकास सुटलंय आज.”

तेव्हा मला वाटलं, त्यांचं डोकं फिरलं. संध्याकाळी वाळूच्या बोटी परत आल्या. आता वाटतं, त्या काठावर शुद्धीवर असलेला माणूस एकच होता.