लिपीबाईंनी वाचलेला शाप

लिपीबाईंना न वाचता पुढे जाताच येत नसे. एसटीच्या सीटमागे कोणाचं कोणावर प्रेम आहे, देवळाच्या पायरीवर कोणाचं नाव आहे, सगळं मोठ्यानं! त्यांच्याबरोबर रत्नागिरीच्या बाजारात नारळ आणायला निघालं की दुपार झालीच. शाळेत त्या आम्हाला इतिहास शिकवायच्या. ब्राह्मी असो, मोडी असो, दिसेल ते वाचतात म्हणून आम्ही पोरांनी त्यांना लिपीबाई केलं, ते निवृत्तीनंतरही सुटलं नाही.

"दगडावर कोणी उगाच लिहीत नाही रे, हात दुखतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बंदरातला माल बैलांच्या पाठीवरून घाट चढायचा, त्याच वाटेनं राजाचा हुकूमही जायचा. म्हणून लेख शोधायचा तो पाणवठ्यापाशी नाहीतर चढणीच्या तोंडाशी, असं म्हणत माझ्या स्कूटरवर मागे बसून त्यांनी अर्धा जिल्हा पालथा घातला. "बाई, आता पुरे," म्हणायची माझी काय टाप होती?

आमच्या गावात खाडीच्या धक्क्यापासून वरच्या वाडीपर्यंत जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी आहे. मुंबईत पैसा केलेल्या आमच्याच बाबूशेठनं तिथली कलमांची बाग घेतली आणि पाखाडीवर सरळ चिऱ्यांचा गडगा घालून वाटच बंद केली. "सातबारा माझा आहे," म्हणाला. गाव गप्प. देवळाला पत्रे त्यानंच दिले होते ना! हाल झाले ते मासळी विकणाऱ्या जैनबीचे. "डांबरी रस्त्यानं फेरा मारून जायचं तर मासळी नरम पडते, बाई. मग कोण घेणार?" सांगताना ती रडकुंडीला आली होती.

पाखाडीच्या तोंडाशी वाटजाई देवी आहे, शेंदरानं लडबडलेला एक उभा दगड. वरच्या बाजूला चंद्र-सूर्य तेवढे दिसायचे. बाई म्हणाल्या, "शेंदराखाली अक्षरं असणार." शेंदूर काढायचा म्हटल्यावर गाव असं भडकलं की मला वाटलं, बाई मार खाणार आणि बरोबर मीही. बाईंनी गुरवाला शांतपणे सांगितलं, "मला नको, तिलाच विचार. कौल लाव." गुरवानं देवीला ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं. सगळ्यांचे डोळे दगडाला खिळले. उजवी पाकळी पडली. देवीचा होकार! आता कोण बोलणार?

शेंदराचं जाड कवच निघालं, आणि खाली खरंच ओळी होत्या. बाईंनी ओला कागद दाबून ठसा घेतला, आठवडाभर त्यात डोकं घातलं आणि मग देवळात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. ही वाट येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांना सोडली आहे, चंद्र-सूर्य असेपर्यंत. इथे गुरव उगाच खोकला, कारण लेखाखाली गाढव कोरलेलं सगळ्यांनीच पाहिलं होतं. बाई कसल्या थांबतायत! वर्गात हजेरी घ्यावी तशा खणखणीत आवाजात त्यांनी पुढचं वाचलं, "जो ही वाट अडवील, त्याच्या आईवर गाढव चढेल." पुरुषमंडळी जमिनीकडे बघायला लागली.

बाबूशेठ हसला. "बाई, हल्ली असलं कोण मानतं?"

"मी मानते!" बायकांतून आवाज आला. बाबूशेठची म्हातारी आई रागानं ताडकन उभी राहिली होती. "मेल्या, बाग तुझी नि गाढव माझ्या वाट्याला? आधी तो गडगा पाड!"

देऊळ हसण्यानं दणाणलं. त्याच संध्याकाळी गडगा पडला. चिरे बाबूशेठनं स्वतः उचलले, आई कमरेवर हात ठेवून बघत होती. जैनबी डोक्यावर पाटी घेऊन पायऱ्या चढली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. बाईंचे डोळे भरले होते. "कोरणाऱ्याचं नावही उरलं नाही रे," त्या म्हणाल्या, "पण त्याचा निरोप बरोबर आईपर्यंत पोचला."

गेल्या वर्षी बाई गेल्या. पण बाबूशेठला बागेत साधं कुंपण घालायचं झालं तरी तो आधी आईला विचारतो, आणि म्हातारी हो म्हणण्याआधी काठी टेकत पाखाडी उतरून एकदा दगड बघून येते.