पाहुण्यांची गणती

अचियाक्रोम गावच्या दवाखान्यात गेल्या तीन वर्षांत जन्मलेलं एकही तान्हं बाळ दगावलं नाही, असं राजधानीहून आलेल्या अहवालात स्वच्छ छापलं होतं. पोकुआ सिस्टरनं ती ओळ दोनदा वाचली आणि तो कागद टेबलावर असा आपटला की शेजारच्या वजनकाट्याचा काटा हलला.

"एकही नाही? मग मी काय इथं बसून माशा मारत होते?"

कोनादू दचकली. कोनादू म्हणजे दवाखान्यातली दुसरी सुईण, आठ महिन्यांपूर्वी आलेली. तिच्यासाठी पोकुआनं सहा वर्षं अर्ज केले होते. जिल्ह्याच्या कचेरीत पोकुआला बघितलं की कारकून चहाला उठायचे, इतके. शेवटी कोनादू मिळाली, आणि तिच्यासोबत अशक्त बाळाला ऊब देणारी एक पेटीही. त्याआधी पोकुआ एकटी होती. खाट एक, हात दोन. सकाळी बाळंत झालेली बाई दुपारी चालत घरी जायची, कारण खाटेवर पुढची कळा देत असायची. आता किडमिडं बाळ दिसलं की ते तीन-चार दिवस पेटीत ठेवायचं, आईला तिथंच दूध पाजायला बसवायचं. आधी महिना-दीड महिन्याला एखादं जायचं. कोनादू आल्यापासून सगळी मिळून दोन गेली.

अहवालाला एक चिठ्ठी टाचली होती. इथं बाळं मरत नसल्यामुळे दुसरी सुईण आणि पेटी, दोन्ही सोमवारपासून दुसरीकडे हलवण्यात येतील.

"पण दवाखान्याच्या वहीत असेल ना सगळं," कोनादू म्हणाली.

"वहीत काय असणार, डोंबल? जन्मलं, वजन इतकं, आई चालत घरी गेली. घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी काय झालं ते वहीत कोण लिहिणार? सांगायला तरी कोण येतं?"

कोणी येत नाही, हे खरंच होतं. आमच्याकडे बाळ आठ दिवस पाहुणं असतं. आठव्या दिवशी सकाळी त्याला उंबऱ्याबाहेर आणतात, जिभेवर पाण्याचा थेंब आणि दारूचा थेंब ठेवतात, नाव देतात. मग ते आपलं. त्याआधी गेलं, तर पाहुणा आला तसा गेला. रडायचं नाही. आईबापानं पांढरं नेसायचं, सणासारखं बसायचं आणि शेंगदाण्याचं कालवण खायचं. का? तर परत फिरलेल्याला वाटू नये की या घराला आपल्यावाचून काही अडलंय. पोकुआ स्वतः बाविसाव्या वर्षी तसं नेसून बसली होती. आईनं वाटी तोंडाला लावली, तिनं खाल्लं. आज ती एक्कावन्न वर्षांची आहे, त्या बाळाविषयी तिनं कधी शब्द तोंडातून काढलेला नाही. याच अहवालासाठी घरोघर विचारत फिरणारी पाहणीवाली मुलगी उत्तरं टिपायचं यंत्र घेऊन आली तेव्हा पोकुआनं तिलाही सांगितलं होतं, "दोन मुलं, दोन्ही धडधाकट." आणि कहर म्हणजे तो प्रश्न आमच्या भाषेत कसा विचारायचा, हे त्या लोकांना पोकुआनंच लिहून दिलं होतं. 'तुमची मुलं किती गेली?' मुलं! पाहुण्याला मूल म्हणतं कोण? हे आठवलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राजधानीवाल्यांवर निम्मी, स्वतःवर निम्मी.

ती तशीच उठली आणि फ्रेमाच्या घरी गेली. फ्रेमाला आठवा महिना होता. अंगणात बसून ती केळी सोलत होती.

"फ्रेमा, पाहणीवालीला तू काय सांगितलंस?"

"काय सांगायचं? एक मुलगी आहे म्हटलं."

"आणि गेली किती?"

"एकही नाही."

"अगं, अडीच वर्षांमागचं? आणि त्याच्या पुढच्या वर्षीचं? मी बाहेर काढलीत ती दोन्ही, या हातांनी."

फ्रेमाचा सुरा थांबला. "ते पाहुणे होते, सिस्टर. मोठ्यानं बोलू नका." तिनं पोटावर हात ठेवला. "त्यांचं नाव काढलं की मागून येणारंसुद्धा दारातनं परततं. तुम्हाला माहीत नाही होय?"

पोकुआला तिला फाडफाड बोलायचं होतं. पण तिचं लक्ष फ्रेमाच्या पोटाकडे गेलं. फ्रेमाची दोन्ही बाळं लहान चणीची होती, पेटी असती तर कदाचित जगली असती. हे पोटातलंही हाताला लहानच लागत होतं. आणि पेटी सोमवारी निघाली होती.

गुरुवारी पाहणीचे प्रमुख डॉक्टर अनिम स्वतः अहवाल वाचून दाखवायला आले. बैठक नाना आंपोमाच्या अंगणात. नाना हा आमच्याकडे मान आहे, बाईला असो की बाप्याला. आंपोमा म्हणजे गावाची राणीमाता, बायकांच्या बाबतीत जिचा शब्द शेवटचा अशी, सत्तरी उलटलेली, आवाज मात्र कोंबड्याला लाजवणारा. भुईमूग नुकता उपटला होता. अंगणभर चटया, चटयांवर शेंगा वाळत घातलेल्या, आणि मधून वाट काढून बायका बसलेल्या. डॉक्टरांनी प्रत्येकीला साबणाची वडी दिली. मग उभे राहून म्हणाले, "अचियाक्रोमच्या आयांचं अभिनंदन. तीन वर्षांत एकही बाळ गेलं नाही. साऱ्या जिल्ह्यात असं गाव नाही."

टाळ्या पडल्या. फ्रेमानंही वाजवल्या. पोकुआला ते बघवलं नाही.

"टाळ्या बंद करा!" ती उभी राहिली. "डॉक्टर, हे साफ खोटं आहे."

"सिस्टर, आमच्या मुली घरोघर फिरल्यात. एकेका बाईनं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय."

"तोंडानं सांगायची सोय आहे का आमच्यात?"

"पोकुआ!" नाना आंपोमानं हातातली काठी जमिनीवर आपटली. "तोंड आवर. ज्याला नाव नाही त्याचं बोलणं नाही. तुला हे मी शिकवायचं का आता, या वयात?"

"नाही नाना. मी बोलत नाही. कोणीच बोलू नका. जिभेला मनाई आहे ना? हाताला तर नाही?" पोकुआनं कोपऱ्यातलं रिकामं घमेलं उचललं आणि डॉक्टरांच्या टेबलावर, त्या गुळगुळीत अहवालावरच, दाणकन ठेवलं. मग ती बायकांकडे वळली. "या तीन वर्षांत जिनं पांढरं नेसून कालवण खाल्लंय, तिनं जितक्यांदा खाल्लं तितक्या शेंगा यात टाकायच्या. एक शब्द बोलायचा नाही. टाकल्या नाहीत, तर सोमवारी पेटी जाईल, कोनादू जाईल, आणि पुढचं कालवण कोणाकोणाच्या घरी शिजणार ते माझ्याकडून आत्ताच ऐकून ठेवा."

कोणी हललं नाही. पोकुआनं घमेलं बायकांच्या बाजूला सरकवलं. एवढ्यात नाना आंपोमानं मान वळवली आणि कुंपणापलीकडच्या शेळीकडे बघत बसली. नाना बघत नव्हती, म्हणजे नानाची मनाई नव्हती.

फ्रेमा उठली. कंबरेला हात लावून, सावकाश. वाकून चटईवरून दोन शेंगा उचलल्या, घमेल्यात टाकल्या आणि जागेवर जाऊन बसली. मग तिच्या मागची उठली. मग एक म्हातारी, आपल्या माहेरी गेलेल्या सुनेच्या वतीनं. मग एकदम चौघी. पत्र्यावर शेंगा टपटप पडत होत्या. पोकुआनं मोजल्या. तेवीस.

"हं. लिहा आता," ती म्हणाली.

डॉक्टरांनी घाम पुसला. "सिस्टर, शेंगांना आकडेवारी म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात? खाऊ?" तिनं एक शेंग फोडली आणि दाणे त्यांच्या पुढे धरले. "घ्या. खा की मग."

डॉक्टर अनिम कुमासीचे, म्हणजे आमच्याच मुलखातले, आमच्याच रीतीत वाढलेले. त्यांनी हात मागं घेतला. बायका बघत होत्या. ते खालच्या आवाजात म्हणाले, "सिस्टर, असं करू नका. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"हेच. पाहुण्यांचं. आमच्याही घरी झालंय. प्रश्न वरून ठरून आले होते, मला बदलता येत नव्हते. आणि शून्य आल्यावर सगळे इतके खूश झाले, की..."

पोकुआनं दाणे परत घमेल्यात टाकले. परदेशी माणूस चुकला असता तर तिनं त्याला अडाणी म्हणून सोडून दिलं असतं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली. "आणि तुम्ही शून्य छापलंत. लाज नाही वाटली? या बायका देवाला भिऊन गप्प बसल्या. तुम्ही कोणाला भ्यालात?"

"हा आकडा वर पाठवला तर बदलीची चिठ्ठी रद्द करावी लागेल. पूर्ण अहवाल मागं घ्यावा लागेल. माझी काय शोभा होईल, कल्पना आहे?"

"होऊ दे की. आमची बाळं गेली, तुमची शोभा गेली. बसा खाली आणि लिहा."

ते बसले. पिशवीतून कोरे तक्ते काढले, प्रत्येक बाळामागे एक ओळ. तारीख अंदाजानं चालेल, म्हणाले. मग पेन पहिल्याच ओळीवर अडलं.

"नावाच्या रकान्यात काय लिहू? रकाना रिकामा ठेवला तर वर ओळच धरत नाहीत. खोडून टाकतात."

पोकुआनं घमेल्यात बघितलं. तेवीस जणांपैकी एकालाही नाव मिळालेलं नव्हतं. नाना आंपोमा अजून शेळीकडेच बघत होती.

"आईचं नाव लिहिलं तर?" मागून आवाज आला. फ्रेमा पुन्हा उभी राहिली होती. एक हात पोटावर घट्ट दाबलेला. ती टेबलापाशी आली आणि साऱ्या गावादेखत बोलली.

"फ्रेमा. दोनदा लिहा."