मोटारीची स्थळं

मोटार शेवटी एकच घेतली, पण ती दारात येईपर्यंत किस्से मात्र पोतंभर जमले. आजही चार माणसं चहाला बसली की कुणीतरी म्हणतंच, "वहिनी, ती कोंबडीची गोष्ट सांगा." ती सांगितली की दुसरी तिच्या पदराला धरून येते.

लढाई नुकतीच संपली होती. आम्ही कराडला होतो. ह्यांचा, म्हणजे डॉक्टरांचा, दवाखाना घराच्याच पुढच्या खोल्यांत होता. पाटणकडच्या खेड्यांतून बोलावणं आलं की हे बैलगाडीनं निघायचे. एकदा एका अडलेल्या बाईकडे पोचायला उशीर झाला. बाई वाचली, मूल गेलं. त्या दिवशी हे जेवले नाहीत. हात धुता धुता एवढंच म्हणाले, "मोटार घ्यायची."

नवी परवडणं शक्यच नव्हतं, म्हणजे जुनी. पेट्रोल कूपनावर मिळायचं, म्हणून कमी पिणारी. आणि आजारी माणसाला मागं आडवं होता आलं पाहिजे, म्हणून ऐसपैस. कमी खाणारी आणि अंगानं भरलेली! असं स्थळ मिळायचं कुठं?

सल्लागार होते शेजारच्या मलकापूरचे सुभेदार. फौजेत लढाईभर ट्रक चालवून आले होते, आता घरचा ऊस बघत होते. ते म्हणाले, "डाक्टर, म्हस पिळून घ्यावी आन् मोटार चालवून. बोलन्यावर जाऊ नगा."

*

पहिलं स्थळ साताऱ्याचं. एका निवृत्त अंमलदारांची गाडी, चादरीखाली झाकलेली. चादर दूर केली आणि मला तर त्यात माझं कुंकू दिसलं, इतकी चकचकीत. हे हरखूनच गेले.

"दसऱ्याला तेवढी पूजेला काढतो," अंमलदार अभिमानानं म्हणाले.

सुभेदारांनी बॉनेटचं एका बाजूचं झाकण उचललं आणि लगेच हळूच मिटलं. खालून वाट काढून एक कोंबडी आत शिरली होती आणि इंजिनाच्या आडोशाला अंडी उबवत बसली होती.

अंमलदार अजिबात गडबडले नाहीत. म्हणाले, "पिल्लं निघेपर्यंत चालू करता येणार नाही."

सुभेदार ह्यांच्याकडे वळले. "डाक्टर, मोटारीचं ऱ्हाऊ द्या. ही केस तुमचीच हाय."

*

मग सांगली. हळदीच्या एका व्यापाऱ्याची लांबलचक गाडी. गाद्या अशा मऊ की बसल्यावर उठवेना. मी ह्यांच्या कानात सांगितलं, "हीच." शेठजी स्वतः चालवत आम्हाला अंकलीच्या रस्त्यानं फिरवायला घेऊन निघाले. वारा काय, ऐट काय! कृष्णेच्या पुलाच्या अलीकडे गाडी दोन आचके देऊन थांबली. पेट्रोल संपलं होतं.

"निघताना तर भरलं होतं," हे म्हणाले.

"हो, पण आपण लांब आलो ना," शेठजी म्हणाले. "एरवी मी हिला पंपाच्या नजरेआड नेत नाही."

शेवटी एका शेतकऱ्याची बैलजोडी जुंपली आणि त्या मऊ गाद्यांवर बसून आम्ही सांगलीत परतलो. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. उतरताना सुभेदार म्हणाले, "शेठजी, बैलासकट देत असाल तर इचार करू."

*

वाईच्या एका निवृत्त हेडमास्तरांची लहानशी विलायती गाडी होती. पेट्रोल अत्तरासारखं वापरणारी, असं ऐकलं होतं. पण तिथं आम्ही गाडी बघण्याऐवजी मास्तरांनीच आमची परीक्षा घेतली.

"उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवाल की नुसती सोडाल?"

सुभेदारांनी तोंड उघडलं.

"तुम्ही नाही. गाडी ज्याला हवी, त्यानं उत्तर द्यायचं."

हे खाली बघून म्हणाले, "मला अजून चालवता येत नाही. शिकेन."

"मग देतो," मास्तर म्हणाले. "सगळं येतं म्हणणाऱ्यांना मी परत पाठवलंय."

राहिली आडवं होण्याची परीक्षा. म्हटलं, मीच होते पेशंट. वाईपासून कराडपर्यंत मी मागच्या बैठकीवर, जरा पाय दुमडून, शाल पांघरून निजून आले. एक हिसका बसला नाही. मध्ये चक्क डोळा लागला.

पण कराडच्या पेठेतून गाडी गेली तेव्हा लोकांनी आत बघितलं. मी घरी पोचून पदर खोचते न खोचते, तोच दारात शेजारपाजार जमा. मी पेढ्यांची ताटली घेऊन बाहेर आले. कुणी हात पुढं करेना. शेवटी समोरच्या काकू म्हणाल्या, "अगं, आम्ही रडायच्या तयारीनं आलो होतो."

*

आठवड्याच्या आतच पाटणच्या वाटेवरच्या एका खेड्यातून एक माणूस धावत आला. बायको अडली होती. सुभेदारांनी गाडी काढली, हे पुढं, मी आणि तो माणूस मागं. गावात पोचून बाईला तपासलं आणि हे म्हणाले, "हिला दवाखान्यात न्यायला हवं. आत्ता."

पण बाईची आई गाडीच्या आडवी उभी राहिली. तिनं गाडीला एक फेरी घातली, मडगार्डवर थाप मारली.

"किती धनी झालं हिला?"

"आम्ही तिसरे," हे म्हणाले. खोटं बोलणं ह्यांना कधी जमलंच नाही.

"तिघांच्या हातनं आली म्हंजी खोड असंल." मग लेकीचं कण्हणं ऐकून म्हणाली, "बसवा. पर म्या फुडं बसनार. मधीच नडली तर शेपूट पिळाया कुनीतरी पायजे."

मागं लेकीचं डोकं माझ्या मांडीवर, पायाशी अंग चोरून हे. जावई मागाहून चालत यायचा होता. पुढं म्हातारी, दोन्ही हात घट्ट टेकवून. गाडी एकदाही नडली नाही. दवाखान्यात पोचलो आणि तासाभरात मुलगी झाली. चांगली खणखणीत रडली. ह्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि म्हणाले, "आजीला बोलवा."

आजी बाकावर नव्हती. ती बाहेर होती. आमच्या विहिरीचं पाणी बादलीत काढून तिनं ती गाडीच्या तोंडापुढं ठेवली होती.

सुभेदार हसले. "आवं आजी, ती तोंडानं पेत न्हाई."

"म्हाईत हाय. मी काय मोटार बघितली न्हाई व्हय?"

"मग?"

"मग काय? दमून आलीया. पानी म्होरं ठेवायची रीत हाय."