बाकीचं गेलं कुठं?

या जगात कुठलीच गोष्ट पुरती हाती येत नाही, आणि आलीच तर तिच्यात नक्की काहीतरी घोळ असतो, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस अख्ख्या मारेगावात एकच आहे, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. सर ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. त्यांचं लाडकं गणित एकच: प्रयोगातून प्रत्यक्ष हाती आलं किती, त्याला हिशेबानं यायला हवं होतं त्यानं भागा, गुणिले शंभर. हा झाला उतारा. फळ्यावर ठीक आहे हो, पण सर हे गणित पिशवीत घालून बाजारातही नेतात. चक्कीवर मिरची दळायला दिली की आधी वजन, नंतर वजन, आणि मग चौकशी, "बाकीचं गेलं कुठं?" चक्कीवाला एकदा वैतागून म्हणाला, "थोडं चक्कीत राह्यलं सर, थोडं तुमच्या नाकात गेलं!" सरांनी दोन शिंका दिल्या आणि उत्तर मान्य केलं.

लग्नात तर विचारू नका. पोरगी सासरी निघालेली, बाप डोळे पुसतोय, आणि सर त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगतात, "पत्रिका वाटल्या त्याच्या त्र्याहत्तर टक्के जेवले. मारेगावच्या मानानं लय चांगलं हाय, भाऊ." वहिनी बिचाऱ्या मला म्हणतात, "यायच्या संग संसार करून माह्यं डोकं किती टक्के शिल्लक राह्यलं, ते काढा म्हणा एकदा!"

कमी उताऱ्याचा सरांना राग नाही. गाळताना सांडतं, भांड्याला चिकटतं, चालायचंच. त्यांचं पित्त खवळतं ते शंभराच्या वर आकडा गेला की. "ओलं हाय ते! कापसावर पाणी मारलं तं काट्यावर वजन वाढते, रुई वाढते काय?" हे वाक्य भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मलासुद्धा पाठ झालंय. त्यांच्या शिकवणीला एवढी पोरं असायची की चपला थेट माझ्या दारापर्यंत यायच्या, आणि मी रोज कुरकुर करायची.

यंदा माझी प्रज्ञा बारावीला. तिला पुढे बी.एस्सी.ला यवतमाळला जायचंय, म्हणून एकेक मार्क जिवाचा. प्रात्यक्षिक परीक्षेत तुरटी बनवायला आली. पोरीनं गाळताना अर्धीअधिक सांडली, उरलेले खडे नीट वाळवले, आणि आला तो उतारा लिहिला: एकेचाळीस टक्के. बाकीच्यांनी घाईघाईत ओलेच खडे तोलले. कुणाचे पंचाण्णव, कुणाचे अठ्ठ्याण्णव, एका पठ्ठ्याचे एकशे तीन! बाहेरून आलेले परीक्षक प्रज्ञाला म्हणाले, "एवढा कमी? मार्क कापावे लागतील." पोरगी रडायला लागली.

कॉलेजच्या बाजूनं सर तिथंच उभे होते. ते गप्प बसले असते तर एकटीचं नुकसान होऊन सगळं निभावलं असतं. बाकी सगळी पोरंही त्यांच्याच शिकवणीची होती. पण ते म्हणाले, "साहेब, सगळ्यायचे खडे फिल्टर पेपरात दाबा, पंख्याखाली ठेवा, अन् मंग तोला." तोलले. पंचाण्णवचे साठ झाले, एकशे तीनचे अठ्ठावन्न. प्रज्ञाचे एकेचाळीस तेवढे एकेचाळीसच राहिले. खोटा आकडा लिहिला म्हणून मार्क कापले गेले ते बाकीच्यांचे, प्रज्ञाचे वाचले.

त्या संध्याकाळी सरांच्या दारात आईबापांची ही गर्दी. "आपलीच पोरं होती ना सर! काहून केलं असं?" एरवी पान-पान बोलणारा माणूस, तेव्हा एवढंच म्हणाला, "ओलं होतं, भाऊ."

लेखी परीक्षा अजून व्हायची आहे, पण दुसऱ्या दिवसापासून माझ्याशिवाय एकाही आईबापानं पोराला त्या घरी पाठवलं नाही. माझ्या लेकीचं भलं झालं आणि त्या भल्या माणसाची खोली ओस पडली. मला फार वाईट वाटतं त्याचं. आता तिथं संध्याकाळी एकटी प्रज्ञा बसते. सर मात्र भरल्या वर्गाला शिकवावं तसेच खणखणीत आवाजात शिकवतात, शब्दन्‌शब्द मला इकडे ऐकू येतो. धडा संपला की सवयीनं विचारतात, "समजलं काय रे सगळ्यायले?"

मग माझी लेक म्हणते, "हो सर. समजलं सगळ्यायले."